बाईंची विमानं

हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. झिराडकर बाईंनीच तसं ठरवलं होतं. "शुक्रवारी या खोलीत बोललो ते या खोलीतच राहू दे," असं त्या दर वेळी दार लावताना म्हणायच्या. मी तशीही कुणाला काही सांगत नाही. वर्गात मला 'मुकी' म्हणतात. तोंडावर नाही, पण मला ऐकू येतं. मात्र न सांगितलेल्या गोष्टी मिठागरातल्या पाण्यासारख्या साठत राहतात. पाणी कधी उडून जातं ते कळत नाही, आणि एक दिवस बघावं तर खाली पांढरे खडे पडलेले असतात. त्यातले थोडे वेचून तुमच्यापुढे ठेवतेय. बाईंना मात्र सांगू नका.

*

आमची शाळा वाशीत, अगदी खाडीच्या बाजूला. तिसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या खोलीतून खाडी दिसते, पूल दिसतो, आणि पुलावरून झोपेत चालल्यासारखे जाणारे ट्रक दिसतात. बाई भूगोल शिकवतात. मागच्या वर्षी, मी नववीत असताना, त्यांनी शुक्रवारी शाळा सुटल्यावर वादविवादाचा वर्ग सुरू केला. आम्ही सातजण होतो. सहाजण बोलायचे आणि मी वहीत टिपून घ्यायचे.

बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे सगळी कामं बंद ठेवायचा शनिवार, लागतो. त्याआधी घरी पोचून दिवा लावायचा असतो. त्यामुळे आमच्या वर्गाला घड्याळ नव्हतं. बाई खिडकीत उभ्या राहून हात लांब करायच्या आणि सूर्य नि खाडी यांच्यामध्ये बोटं मोजायच्या. चार बोटं म्हणजे एक तास. दोन बोटं उरली की वाद बंद, मग कुणी कितीही रंगात आलेलं असो.

एकदा शिरीष मोहिते जिंकत होता. सगळ्यांना गप्प केलं होतं त्यानं. तेवढ्यात दोन बोटं उरली.

"बाई, फक्त दोन मिनिटं द्या, मी जिंकतोय."

बाईंनी पर्स उचलली. "खरंच जिंकत असशील तर पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकेल की."

टिकलं नाही!

*

बाईंचं नाव रिबेका, म्हणून सुरुवातीला शिरीष ठामपणे सांगायचा की त्या ख्रिश्चन आहेत. आम्हाला ज्यू म्हणजे काय ते कुठे माहीत होतं? मंगळसूत्र, नऊवारी नेसलेल्या आईचा पर्समधला फोटो, बोलणं थेट अलिबागकडचं. वेगळं ते काय दिसणार?

निकाल लागला सखूबायकडे. सखूबाय शिरवण्याहून मासळीची पाटी घेऊन आमच्या सोसायटीत येते. तिनं आमचं भांडण ऐकलं आणि पाटी खाली ठेवली.

"किरिस्ताव नाय ती. किरिस्ताव कोलबी खातान. ही कोलबीला हात लावत नाय, खवल्याचीच मासली घेते. शनवारतेली हाय ती."

शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून शनवारतेली. बाईंच्या पणजोबांचा घाणा होता, हे आम्हाला नंतर कळलं. शिरीष तरी मानेना. "तुला काय माहीत?" म्हणाला.

"पोरा," सखूबाय म्हणाली, "मानसाचा धरम मना पाटीवरशी कलतं."

*

त्या पावसाळ्यात, म्हणजे ब्याऐंशी साली, पेपरात लेबनॉनमधल्या बैरूतचे फोटो यायला लागले. इस्रायलची विमानं, अर्ध्या कापल्यासारख्या इमारती. एका फोटोत तिसऱ्या मजल्यावरची खोली उघडी पडलेली होती आणि भिंतीवर कॅलेंडर तसंच होतं. मी ते कॅलेंडर बरेच दिवस बघत राहिले. आमची खोलीही तिसऱ्या मजल्यावर होती, म्हणून असेल.

विषय बाईंनीच फळ्यावर लिहिला. 'इस्रायलवर टीका करणं म्हणजे ज्यू लोकांचा द्वेष करणं का?' लिहून झाल्यावर खडू हातात धरून त्या जरा वेळ फळ्याकडेच बघत होत्या.

आमच्या वर्गाचा एक नियम होता. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला, तरच आपली पाळी. त्या दिवशी कुणीच कुणाला "हो, हेच" म्हणेना. "मी असं नाही म्हणालो." "मग कसं?" "जरा वेगळं." असं करत दोन बोटं उरली. वाद सुरूच झाला नाही.

आम्ही खट्टू झालो. बाई मात्र खूश. "आतापर्यंतचा हा सगळ्यात चांगला वाद," असं म्हणून त्या जिना उतरल्या.

*

पुढच्या शुक्रवारी शिरीष तयारी करून आला. चार कागद लिहून आणले होते. त्याचे बाबा बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात युनियनचं काम करतात, त्यामुळे भाषण कसं चढवत न्यायचं ते त्याला येतं. सुरुवात चांगली होती. इस्रायलच्या सरकारनं हे केलं, सैन्यानं ते केलं. हळूहळू 'सरकार' गळलं, नुसतं 'इस्रायल' राहिलं. मग 'ते लोक' झालं. आणि शेवटी हात वर करून तो बाईंकडे बघत म्हणाला, "तुमच्या विमानांनी दवाखानेसुद्धा सोडले नाहीत."

खालच्या मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली.

"माझी विमानं?" बाई म्हणाल्या. "अरे, मला वाशीहून पनवेलला जायला बस मिळत नाही."

आम्ही हसलो, शिरीषसुद्धा हसला, पण त्याचे कान लाल झाले. कागद घडी करून खिशात घालायला लागला. बाईंनी त्याला थांबवलं.

"पुन्हा वाच. तुझी तक्रार एका शब्दानंही कमी करू नकोस. मलाही तो दवाखाना दिसतो. फक्त पत्ता नीट लिही."

त्यानं पुन्हा वाचलं, 'ते लोक' आणि 'तुमच्या' च्या जागी 'सरकार' म्हणत. या वेळी जास्त जोरात लागलं.

*

मी हे घरी बाबांना सांगितलं. एवढाच नियम मी मोडला होता तोवर. बाबा जेवत होते. आम्ही बौद्ध, मंडणगडकडचे. बाबा एका ऑफिसात क्लार्क आहेत. त्यांनी हातातला घास संपवला. मग म्हणाले, "आज दुपारी ऑफिसातला जोशी आपल्या समाजातल्या एका पुढाऱ्याला शिव्या घालत होता. पुढारी तसा आहेच, मीही घालतो."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काही नाही. बोलत होता पुढाऱ्याबद्दल, पण बघत होता माझ्या डब्याकडे."

आईनं त्यांना आणखी भात वाढला. मी वहीत ते वाक्य लिहून ठेवलं आणि शेजारी काहीच लिहिलं नाही.

*

आता बाईंच्या घरचा किस्सा. बाईंचे थोरले भाऊ दाऊदकाका पनवेलला राहतात. त्यांचा मुलगा इस्रायलला गेलाय आणि तिथं सैन्यात आहे. त्याचं पत्र महिनाभर आलं नव्हतं, म्हणून बाईंकडे मलिद्याचा नवस होता. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, भोवती फळं. बाईंनी मला मदतीला बोलावलं होतं. प्रार्थना झाली. हिब्रू शब्द मला कळत नव्हते, पण चाल थेट आमच्या गावाकडच्या बायकांच्या दळणाच्या गाण्यासारखी. डोळे मिटले तर आजीच समोर आली असती.

मलिदा वाटताना कुणीतरी काकांना सांगितलं की ही रिबेकाची विद्यार्थिनी, शुक्रवारी इस्रायलवर बोलतात ती मुलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बैरूतवर बाँब टाकले ते वाईट केलं, असं वाटतं तुला?"

खोटं बोलता येईना. मी होकाराची मान हलवली.

"म्हणजे ही पोर आपला द्वेष करते," ते बाईंना म्हणाले, "आणि तू हिला मलिदा खाऊ घालतेस."

माझ्या मुठीत पोहे तसेच राहिले. बाई माझ्या ताटात खोबरं घालत म्हणाल्या, "दादा, द्वेष करणारी माणसं दुसऱ्यांदा मलिदा मागत नाहीत. हिनं मागितलाय."

सगळे हसले. काका हसले नाहीत. नंतर बाल्कनीत एकटे उभे होते. मी पाणी द्यायला गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा वाद असतो शुक्रवारचा. माझा रोज पोस्टमन येईपर्यंत असतो."

हे सांगायचं नव्हतं. पण आता सांगितलं.

*

यानंतर दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. शिरीषच्या बाबांनी मुख्याध्यापक सरांना लेखी तक्रार दिली, की इस्रायलविरुद्ध कुणी बोललं की झिराडकर बाई द्वेषाचा शिक्का मारतात, मुलांची तोंडं बंद करतात, म्हणून हा वर्ग बंद करावा. आणि दाऊदकाकांनी बाईंशी बोलणं टाकलं, कारण बाई मुलांना इस्रायलविरुद्ध बोलायला शिकवतात!

शिरीष बिचारा रडकुंडीला आला. "बाई म्हणाल्या पत्ता नीट लिही, एवढंच मी घरी सांगितलं," म्हणत राहिला. बाईंनी त्याला काही विचारलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी नकाशा उलटा टांगला. आफ्रिका डोक्यावर उभी होती आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. तो वर्ग म्हणजे बाईंचा जीव होता. आणि माझाही, कारण आठवड्यातून तेवढीच जागा होती जिथं कुणी मला बोलायचा आग्रह करत नव्हतं.

सरांनी ठरवलं, येत्या शुक्रवारी स्वतः येऊन बघतो आणि तिथंच निकाल देतो. बंदचा हुकूम टाइप करूनच ठेवला होता. शिपाईमामांनीच सांगितलं आम्हाला.

*

तो शुक्रवार. पाऊस उघडला होता, खाडी इतकी शांत की पूल दोनदा दिसत होता. मागच्या बाकावर सर बसले, वरच्या खिशात तो कागद, घडी बाहेर आलेली. एका बाजूला शिरीषचे बाबा, मोहितेकाका. आणि सगळ्यात उशिरा, कुणालाही अपेक्षा नसताना, दाऊदकाका. बहिणीशी बोलायचं नव्हतं, पण बहिणीवर काय बोलतात ते ऐकायचं होतं म्हणे.

बाईंनी नियम सांगितला आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. बोलायला कुणी उठेना. मोठी माणसं बसलेली असताना कोण उठणार? मग दाऊदकाकाच म्हणाले, "मी बोललो होतो हिच्याशी. हिनं सांगावं, काय म्हणालो मी."

'ही' म्हणजे मी.

मी उठले. वही घट्ट धरली होती. म्हटलं, "तुमचं म्हणणं असं, की इस्रायलवर टीका करणारे ज्यूंचा द्वेष करतात."

"नाही," काका म्हणाले.

"तुमचं म्हणणं असं, की बाकीचे देश लढले तर कुणी एवढं बोलत नाही, इस्रायललाच बोलतात."

"तेही आहे. पण नाही."

मला वाटलं आता खाली बसावं. सरांचा हात खिशाकडे गेलेला दिसला. मी वही मिटली.

"तुमचा मुलगा तिथं आहे. कुणी इस्रायल म्हटलं की बाकीच्यांना नकाशा दिसतो, तुम्हाला तो दिसतो. आणि कुणी शिवी दिली की ती त्याला लागली असं वाटतं."

काकांनी एकदा खिडकीबाहेरच्या पुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. हेच."

नियमाप्रमाणे आता माझी पाळी, पण मी तोंड उघडायच्या आधीच काकांनी ती घेतली. ते उठले, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या.

"हिचं म्हणणं असं," ते म्हणाले, आणि थांबले. पुन्हा सुरू केलं. "हिचं म्हणणं असं, की ज्या घरावर बाँब पडला त्या घरातही कुणीतरी पत्राची वाट बघत होतं. आणि हे सांगायला माझ्या मुलाचा द्वेष करावा लागत नाही." मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "हेच ना गं, बाय?"

मी कॅलेंडराबद्दल कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. "हो, हेच," मी म्हणाले.

तेवढ्यात मोहितेकाका उभे राहिले. रागावल्यासारखे वाटले. म्हणाले, "आणि माझं म्हणणं कोण सांगणार?"

"मी सांगते," बाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

"मी सांगतो," दाऊदकाका त्याच वेळी म्हणाले.

दोघं भाऊबहीण एकमेकांकडे बघत राहिली. सरांनी खिशातून तो कागद काढला, उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "एकेक करून. मी नावं लिहून घेतो. आधी कोण?" आणि मग दाऊदकाका बहिणीकडे बघून म्हणाले, "आधी तू, रिबेका."

आई हाक मारतेय, नळाला पाणी आलंय, मी जाते.