रातवा हाय, बिनघोर येऊ द्या

इनामगावच्या शिवारात अंधारात काही चमकलं, की लोक बन्सीआप्पाला फोन लावतात. बन्सी साळवे वनखात्यात मजूर. सव्वीस वर्षं रोपं लावण्यात गेली, पण त्याची खरी मिरवायची गोष्ट वेगळीच. वाटेवर चमकणारा डोळा बिबट्याचा की रातव्याचा, हे त्याला लांबून कळतं. रातवा म्हणजे मातीच्याच रंगाचं पाखरू. दिवसभर पाचोळ्यात पडून राहतं, दिवेलागणीला फुफाट्याच्या वाटेवर येऊन बसतं आणि बॅटरी पडली की त्याचा डोळा निखाऱ्यासारखा पेटतो. उसाच्या मुलखात तेवढ्यानं माणसाची बोबडी वळते. मग आप्पा येतो, पाखराच्या पाच पावलांवर जातो, ते उडतं आणि मघाशी घाबरलेले सगळे एकमेकांना हसतात. पोरं पाठीमागं त्याला ‘रातव्याचा आप्पा’ म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

सोमवारी विठाबाईंनी बोलावलं. त्यांची सून तेजश्री रांजणगावला कंपनीत जाते. संध्याकाळी सातला बस तिला फाट्यावर सोडते आणि तिथून घरापर्यंत उसाकडेची वाट.

“आप्पा, तिसरी सांज हाय,” विठाबाई सांगू लागल्या. “उसाच्या कडंला दोन डोळं दिसत्यात, आन् त्यांच्या...”

“रातवा!” आप्पानं मध्येच तोडलं.

“आवं, ऐका तरी.”

“आक्का, सव्वीस वर्सं हेच बघतोय न्हवं?”

तो बॅटरी घेऊन निघाला. वाटेवर लांब एक लाल ठिणगी दिसली. जवळ गेला तसं पाखरू उडालं आणि बांधापलीकडून त्याचं चक्-चक्-चक् सुरू झालं. “झालं समाधान? सुनंला बिनघोर येऊ द्या. काय चमकलं तर जवळ जा म्हणावं, आपसूक उडतंय.” चहा पिऊन आप्पा ऐटीत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरताना त्याचा हात थांबला. विठाबाई दोन म्हणाल्या होत्या. त्यानं पाहिला तो एक. रातव्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, वाटेवर तो आडवा बसतो, त्यामुळं बहुतेकदा एकच चमकतो. दोन शेजारी शेजारी, समोरून? पिंगळा असेल, त्यानं मनाची समजूत घातली. पण पिंगळा बाभळीवर बसेल, तारेवर बसेल. तीन संध्याकाळी उसाच्या कडेला कशाला बसेल?

त्याला काही चैन पडेना. पिशव्या अर्ध्याच भरून ठेवू लागला. तेजश्रीला फोन लावला, तो बंद. कंपनीत फोन फाटकावरच ठेवून घेतात. विठाबाईंचा लागेना. पाच वाजता साहेबांनी उद्याच्या रोपांची यादी करायला बसवलं, त्यात सहा झाले. मग मात्र तो काही न सांगताच गाडीवर बसला. सबंध रस्ता स्वतःला शिव्या घालत गेला. बाई सांगत होती, तर तोंड मिटून ऐकायला काय झालं होतं?

फाट्यावर पोचला तेव्हा बस निघून गेली होती. त्यानं गाडी वाटेला घातली. पुढं मोबाईलचा उजेड हलत होता. तेजश्रीच. गाडीचा आवाज ऐकून ती वळली.

“जयभीम, आप्पा! बघा, तुमचा रातवा बसलाय. आता उडवते.”

आणि ती हसत हसत उसाकडे चालू लागली. तिच्यापुढं वीस पावलांवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन डोळे होते. दोन्ही समोर रोखलेले.

“तेजू, थांब! ते पाखरू न्हाई!” आप्पाचा आवाज चिरकला. “पळू नगं. तोंड तिकडंच ठिव, तशीच मागं सर.” त्यानं हॉर्नवर अंगठा दाबला तो सोडलाच नाही. डोळे कमरेएवढे उंच झाले, क्षणभर तसेच राहिले, मग ऊस सळसळला.

तेजश्री मटकन खाली बसली. “जवळ गेलं की उडतं, म्हणाला होता ना तुम्ही,” ती एवढंच बोलली. रागानं नाही, आणि म्हणूनच ते आप्पाला जास्त लागलं.

तिला गाडीवर घालून त्यानं घरी आणलं. वाटेतच पिंजऱ्यासाठी साहेबांना फोन केला. विठाबाई अंगणात उभ्या होत्या.

“आक्का, चूक माझी हाय,” आप्पा म्हणाला. “तुमी दोन म्हणाला हुता. म्या ऐकून घेतलं न्हाई.”

विठाबाईंनी सुनेला जवळ घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग त्याच्याकडं बघितलं. “फुडचं बी कुठं ऐकलं तुमी? त्यांच्या मागं आनखी दोन जोड्या हुत्या. बारक्या.”

पिल्लांची आई. पिल्लं उसात असेपर्यंत ती तिथंच राहणार. गाडी वळवता वळवता त्यानं विचारलं, “आक्का, आठच्या बसनं कोन कोन यायचं हाय?”