दुसऱ्या रकान्यातली सही

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण एका विद्यापीठातली साधी नोंदवही काही केल्या मनातून जात नाही.

मी तेव्हा मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. दुपारी तीनच्या सुमारास आमच्या हद्दीतल्या विद्यापीठातून फोन आला. रसायनशास्त्र विभागाच्या तळघरातल्या साठाखोलीत तिथला प्रयोगशाळा परिचर मरून पडला होता. माणूस पन्नाशीचा. आम्लाची मोठी बाटली फुटली आणि तो वाफेनं गुदमरला. वर प्रात्यक्षिकाला रसायनं पोचली नाहीत म्हणून दोन तासांनी शिपाई खाली गेला, तेव्हा कळलं. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर मला म्हणाले, "लगेच कोणी बाहेर ओढलं असतं तर वाचला असता हो."

साठाखोलीच्या दारावर ठळक अक्षरांत सूचना होती की एकट्याने आत जाऊ नये. शेजारी खिळ्याला वही टांगलेली. आत जाणाऱ्या दोघांनी दोन रकान्यांत सह्या करायच्या आणि दर शनिवारी विभागाच्या सुरक्षा पर्यवेक्षकांनी वही तपासून खाली सही करायची, अशी पद्धत. त्या दिवशीच्या ओळीत दोन सह्या होत्या.

पर्यवेक्षक म्हणजे विभागातलेच एक प्राध्यापक. परीटघडीचा शर्ट, बोलणं गोड. "आमच्याकडची पूर्तता चोख आहे," ते म्हणाले. "दोघं आत गेल्याची नोंद आहे. दुसरा ह्याला टाकून पळाला असणार."

"दुसरा कोण?"

"सही वाचता येत नाही. ते तुम्ही शोधा."

दोन दिवस आम्ही इतर परिचरांचे जबाब घेतले. सगळे त्या वेळी दुसऱ्या इमारतीत होते आणि साक्षीदारही होते. माझा हवालदार चिडला. "साहेब, फरारच आहे तो. सापडू दे, वाट लावतो त्याची." खरं सांगतो, मीही त्या न पाहिलेल्या माणसावर दातओठ खात होतो. सोबत्याला मरायला टाकून जातो म्हणजे काय!

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगेना. "साहेब, उगाच धावपळ करताय. दुसरी सही कोणाची, ते गेलेल्या माणसाच्या बायकोला विचारा." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. विभागातलीच कोणी असावी.

मयताची खोली घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत. मी त्याच्या बायकोला मोबाइलवर पानाचा फोटो दाखवला. तिनं एकदाच पाहिलं.

"दोन्ही ह्यांच्याच आहेत."

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. तीच सांगत गेली. जोडीचा परिचर दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मालवणकडे गावी गेला. जागा भरलीच नाही. एकच सही असली की वही पर्यवेक्षकांकडून खाली परत यायची, दुसरा रकाना भरून पाठवा म्हणून. शेवटी हा जोडीदाराचीही सही करायला लागला.

"पहिल्या दिवशी घरी येऊन हसले होते," ती म्हणाली. "म्हणाले, आज दोस्ताला परत कामावर आणला. नंतर कधी हसले नाहीत त्यावर." मग तिनं पदर तोंडाला लावला. "साहेब, आता खोटी सही केली म्हणून सगळं ह्यांच्यावरच ढकलतील ना? पोरगी विचारते, बाबांची चूक होती का. तिला काय सांगू?"

उठताना तिनं ट्रंकेतून तीन अर्ज काढून दिले. 'साठाखोलीत सोबतीला माणूस मिळावा.' तिन्हींवर विभागाचा आवक शिक्का.

गावी गेलेल्या त्या जोडीदाराला मी फोन लावला. "माझी सही?" तो गोंधळला. "साहेब, मी तर दोन वर्सां झाली गावाक इलंय." मी सगळं सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "मी थयसर असतंय तर तेका वढून भायर हाडलंय असतंय."

प्राध्यापकांना ठाण्यात बोलावलं. दोन्ही सह्या मयताच्याच आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे नियम त्यानेच मोडला!"

मी विभागाच्या भिंतीवरून आणलेला एक फोटो टेबलावर ठेवला. निवृत्त होणाऱ्या परिचराला शाल आणि नारळ देताना हेच प्राध्यापक.

"निरोप तुम्ही दिलात. मग पुढची दोन वर्षं दर शनिवारी त्याच्या सहीखाली सही कोणी केली?"

मी तिन्ही अर्ज पुढे सरकवले. आवाज न चढवता विचारलं, "वही तपासताना काय बघायचात?"

"रकाने," ते म्हणाले. "दोन्ही भरलेत का, तेवढंच." आणि ढसाढसा रडले. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाशी कसं वागायचं ते मला ठाऊक होतं, ह्याचं काय करावं ते कळेना.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला. 'मयताने वारंवार लेखी मागणी करूनही सोबत देण्यात आली नाही,' हे वाक्य मी दोषारोपपत्रात स्वतः लिहिलं. त्याची प्रत बायकोच्या हातात दिली. तिनं ते वाक्य मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं.

त्याच संध्याकाळी मी माझ्या ठाण्याचा ड्यूटी तक्ता काढला. एका पहाऱ्यावर दोन अंमलदार लिहिलेले, खाली माझी सही. जाऊन बघतो तर एकच शिपाई उभा. "दुसरा कुठाय?" विचारलं. "साहेब, दुसरा तर तुम्ही यायच्या आधीपासून कागदावरच आहे." रोज सही करत होतो मी! लाज वाटली. दुसऱ्याला फोटो दाखवणं सोपं असतं.

आता नाहूरला राहतो. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा परदेशात. मागच्या महिन्यात इथल्या पोलीस ठाण्यातून एक शिपाई ज्येष्ठ नागरिकांचा फॉर्म भरून घ्यायला आला. 'सोबत राहणारी व्यक्ती' या रकान्याशी त्याचं पेन थांबलं.

"साहेब, मुलाचं नाव टाकू? रिकामा ठेवला तर फॉर्म परत येतो."

"रिकामाच ठेव."

"अहो, मग मला परत यावं लागेल."

"ये ना," मी म्हटलं. "आल्यावर चहा पिऊन जा."