हेराशोभाचा एकच प्रश्न

नेपाळातल्या पाटणच्या मंगलबाजारात तांब्या-पितळेचं दुकान चालवणारी हेराशोभा ताम्राकार गल्लीत तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होती, आणि ती होतीही. पण त्या तोंडाचं खरं चीज झालं ते मुलाला परदेशी शिकायला पाठवायची वेळ आली तेव्हा.

आपल्याला मुली नाही, मुलगे आवडतात, हे सुयोगने बारावीत असतानाच आईला सांगितलं होतं. हेराशोभा आधी रडली, मग चिडली, आणि मग एक दिवस पदर खोचून त्याच्या बाजूने उभी राहिली. बाकी घरात कुणाला पत्ता नव्हता. घराने सिडनी ठरवून टाकली होती, कारण थोरल्या जाऊबाईंचा मुलगा तिथे होता. सुयोग मात्र दिवसेंदिवस सुकत चालला होता.

"दादाकडे राहायचं म्हणजे पुन्हा तेच लपणं, मां. इथे लपतो तेवढं पुरे नाही का?"

"मग लपावं लागणार नाही तिथे जा. चल, शोधू."

काठमांडूत शिक्षणमेळा भरला होता. देशोदेशीच्या विद्यापीठांची माणसं टेबलं मांडून बसली होती. हेराशोभाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिने सुयोगलाच पुढे केलं.

"विचार त्यांना, माझ्यासारखा मुलगा तुमच्याकडे कसा राहतो?"

"मां, हळू! लोक ऐकतायत."

"ऐकू देत. चोरी केलीयस का? विचार म्हणते ना!"

पहिल्या टेबलावरच्या साहेबाने आवाज एकदम खाली आणला. अशा मुलांसाठी आमच्याकडे समुपदेशक आहेत, म्हणाला. सुयोगने ते आईला समजावून सांगितलं. "माझा पोरगा आजारी नाही म्हणावं त्याला," असं म्हणत हेराशोभा उठली. दुसरा इतका गोड बोलला, इतकी इंद्रधनुष्यं दाखवली, की तिला संशयच आला. एवढं गोड तिला स्वतःला फक्त पोचा आलेली घागर खपवताना बोलावं लागायचं.

कॅनडातल्या एका विद्यापीठाची बाई शेंगदाणे खात बसली होती. तिने प्रश्न ऐकला आणि शेंगदाण्यांचा पुडा पुढे सरकवला.

"हो, पुष्कळ आहेत तसे. पण तुला शिकायचंय काय?"

सुयोग गडबडला. सकाळपासून हे कुणी विचारलंच नव्हतं. मग तो धातूंबद्दल बोलायला लागला, हातवारे करत, शेंगदाणे खात. हेराशोभाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण पोराचा असा चेहरा तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"हेच," ती म्हणाली.

जाऊबाई खवळल्या. "तिथे बर्फात आपलं कुत्रंसुद्धा नाही!" पण हेराशोभाने त्यांना दाद दिली नाही.

निघायच्या दिवशी सगळे सगुनाला जमले. घरातल्या सर्वांत मोठ्या बाईच्या हातचं उकडलेलं अंडं, मासा आणि घरची दारू हे सगुन घेतल्याशिवाय त्या घरातून कुणी प्रवासाला निघत नसे. जाऊबाईंनी सुयोगला दह्याचा टिळा लावला, अंडं उचललं आणि नेहमीचा आशीर्वाद दिला, "खूप शीक, आणि येताना एक छानशी सून आण."

सुयोगने पुढे केलेले हात मागे घेतले. सगुन नाकारलेला त्या घरात कुणी पाहिला नव्हता. "नाही, मोठीआई. खोटा आशीर्वाद घेऊन नाही जायचं मला."

जाऊबाई अंडं धरून तशाच राहिल्या. हेराशोभाचा ऊर भरून आला. तिने लपू नकोस म्हटलं होतं, पण हे तिने शिकवलं नव्हतं. ते त्याचं त्याने केलं होतं.

"तो सून नाही आणणार, जाऊबाई," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आणला तर जावई आणेल. तो तसाच आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे."

जाऊबाईंनी हेराशोभाकडे पाहिलं, सुयोगकडे पाहिलं.

"हे मला आत्ता सांगतेस? अंडं हातात असताना?"

मग त्या घसा खाकरून पुन्हा सुयोगकडे वळल्या.

"ऐक रे. खूप शीक. आणि आणशील तो आपल्यासारखा रेड्याचं मांस खाणारा आण. नाक मुरडणारा मेला या घरात मला चालायचा नाही. धर आता, हात दुखायला लागला माझा."

सुयोगने दोन्ही हात पुढे केले.