पाटीची दुसरी बाजू

सोलापुरात सभेसाठी गेलो की मी स्टँडजवळच्या त्याच लॉजवर उतरतो. तिथला मॅनेजर किल्ली देण्याआधी खोलीची खोड सांगतो. "पावणं, पंखा लई वाजतोय. चालतंय का बगा." आवाज खालचा, नजर रजिस्टरवर, शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं.

त्याच्या डोक्यामागे मालकाची लाकडी पाटी टांगलेली असते : 'एकट्या महिलेस खोली मिळणार नाही.' तिच्यावरून मी दर खेपेला भांडायचो. तो नुसता "व्हय की" म्हणायचा.

परवा दुपारी सांगोल्याची एक बाई आली. नवरा जवळच्या दवाखान्यात आयसीयूत होता आणि तिथं नातेवाइकांना झोपू देत नव्हते. दोन लॉजनी तिला परत पाठवलं होतं. पाटी वाचून ती दाराकडे वळली.

"ताई, थांबा की." तो उठला आणि पाटी उलटी करून त्याच खिळ्याला टांगली. "आता वाचा. काय लिवलंय?"

"काय न्हाय."

"मग घ्या किल्ली. कडी जरा दाबून लावा."

ती वर गेल्यावर मी तडकलो. "फेकून द्या ना ती पाटी!"

"फेकली तर मालक मला बी काढतील. मग फुडच्या ताईला किल्ली कोण देणार?"

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. अन्याय उलटा टांगून संपत नाही. पण संध्याकाळी मालक यायच्या वेळेला त्याने पाटी सुलट केली, तेव्हा मी ती जवळून पाहिली. दोन्ही कडांचा रंग बोटांनी झिजून आतलं लाकूड दिसत होतं.