महामायाबाईची डबल बेल

खोटं काऊन बोलू, चूक माझीच होती. मी निवृत्ती, एसटीच्या बुलढाणा–मलकापूर लाल गाडीचा ड्रायव्हर. आमच्या कंडक्टर महामायाबाईचं सांगून राह्यलो.

तीन वर्षं झाली, बाईच्या कानात शिटी वाजते. कुकरचं रबर ढिलं झालं की वाफ सुटत राहते ना, तशी, दिवसरात. डॉक्टर म्हणे, याले औषध नाही. मोठ्या आवाजापासून दूर राहा, उरलेले कान जपा. दूर राहा म्हणे! राजूर घाटात गाडीत साठ माणसं, त्यातली वीस मोबाइल उघड्यावर लावून रील पाहून राह्यलेली. कोणाचा डीजे, कोणाचं भांडण. लाज नाही लोकाइले!

बाई तिकीट देता देता प्रत्येकाले म्हणे, "दादा, आवाज बंद करा, नाहीतर इयरफोन लावा."

"गाडी काय तुमच्या बापाची हाये?"

"बापाची नाही, सगळ्याइची हाये. म्हणूनच म्हणते." आन् आवाज बंद होईपर्यंत तिथंच उभी राहे.

तिले एकच भेव होतं. कानाचं डेपोत कळलं तर गाडीवरून उतरवतील, टेबलावर बसवतील. "बावीस वर्षं उभ्यानं काढली, निवृत्तीभाऊ," ती म्हणे, "टेबलावर मी मरून जाईन."

दिवाळीनंतरची गोष्ट. मोताळ्याच्या पुढं एका फाट्यावर केसरबाई नावाची म्हातारी टोपली घेऊन उतरत होती. आमचा हिशेब साधा: एक बेल झाली की थांब, डबल बेल झाली की चाल. गर्दीत आरशात दार दिसत नाही, सारा भरवसा बेलवर. टण् टण् ऐकू आलं आन् म्या गिअर टाकला. मागून किंकाळी! केसरबाई पायरीवरून लोंबकळून राह्यलेली, आन् महामायाबाईनं तिचा दंड गच्च धरलेला. म्हातारी वाचली. बाईचं कोपर सोलून निघालं.

"म्या बेल दिलीच नाही," बाई म्हणे.

माझं डोकं फिरलं. "मंग काय माझे कान वाजून राह्यले?"

बाईचा चेहराच उतरला. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

डेपोत म्या लिहून देल्लं: डबल बेल ऐकली. माझा टोमणा ऐकलेल्या एका प्रवाशानं तिच्या कानाचंही सांगून टाकलं. साहेब म्हणाले, सोमवारपासून बाई टेबलावर.

दुसरी बाई असती तर रडली असती. हिनं त्या दिवशी गाडीत असलेले रोजचे प्रवासी एकेक करून पकडले आन् विचारलं, "तेव्हा काय पाहून राह्यले होते? लावा बरं." तिसऱ्या दिवशी मोताळा स्टँडवर गाडी चालू ठेवून मी बसलो होतो. माझ्या मागच्या सीटवर प्रतीक्षा नावाची कॉलेजची पोरगी. बाईनं तिले म्हटलं, "लाव." फोनमधून टण् टण् वाजलं आन् माझा हात आपोआप गिअरवर गेला. कोणीतरी लाल गाडीचंच रील बनवलं होतं, बेलसकट. बाई माझ्याकडं पाहून राह्यली होती.

सोमवारच्या आधी आम्ही दोघंही साहेबासमोर. म्या सांगतलं, "बेल फोनची होती साहेब, न पाहता गाडी म्या काढली." मले पंधरा दिवस घरी बसवलं, बरोबरच केलं. बाईनं सांगतलं, "हाव, माझ्या कानात शिटी वाजते. पण ऐकूही येते. तपासा." तपासलं. बाई गाडीवरच राह्यली.

आता तिचा नवा कायदा: फोन गप्प झाल्याशिवाय डबल बेल नाही. परवा मलकापूरले एक गडी ऐकेचना. बाई बेलची दोरी धरून उभी. म्या इंजिनच बंद केलं, घे म्हटलं बे! लोकच त्याच्यावर खेकसले, तेव्हा त्यानं फोन खिशात टाकला. गाडी कशी एकदम शांत झाली.

म्या मागं वळून म्हटलं, "बाई, आता तरी कानाले आराम पडला असंल."

"कायचा आराम? शांत झालं की शिटी अजून जोरात वाजते."

"मंग एवढं भांडता काऊन?"

"उतरणाऱ्याचा पाय आधी जमिनीवर टेकला पाहिजे," बाई म्हणाली. दाराकडं पाहून घेतलं आन् दोरी दोनदा ओढली.