नैवेद्याआधी चाखायचं नाही

केडगावात पुणे रस्त्याला लागून यज्ञेश्वरकाकांचा फराळाचा कारखाना आहे. सीमा तिथे दोन वर्षांपासून गुणवत्ता अधिकारी आहे. लाडू असो, चकली असो, चिवडा असो, तिची सही असल्याशिवाय माल टेम्पोत चढत नाही. सही करण्याआधी तो पदार्थ चाखता येत नाही, एवढीच काय ती अडचण. बाकी नोकरी सुखाची.

झालंय असं, की काकांच्या वडिलांपासून कारखान्यात एक नियम चालत आलाय. प्रत्येक घाण्यातलं पहिलं ताट देवाला. त्याआधी कुणी कणभरही तोंडात टाकायचं नाही. आणि एकदा नैवेद्य दाखवला की तो प्रसाद. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत. आता आधी चाखायचं नाही आणि नंतर बोलायचं नाही, तर गुणवत्ता नेमकी कधी तपासायची? या दोहोंच्या मध्ये एक वेळ आहे, तीही सीमाने शोधून काढली. काका घंटी वाजवतात, तेवढीच.

सीमाच्या आधी या खुर्चीवर एक गृहस्थ होते. त्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. एकदा चकली परत आली आणि चकलीच्या मागोमाग गृहस्थ घरी गेले. नियम मात्र जागेवरच राहिला, कारण नियमाची कुठे सही होती?

सीमा मूळची घोडेगावजवळची. तिचे वडील सहादू शेतमजूर, पण बाजाराच्या दिवशी त्यांचा भाव वेगळा. बैल घेणारे त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे. सहादू बैलाचा जबडा उघडणार, दात बघणार, चार पावलं चालवून घेणार आणि मगच मान हलवणार. विकणारा कितीही मोठा असो, सहादूची मान आडवी हलली की सौदा मोडला. लहानपणी हे बघितल्यामुळे सीमाचा असा गैरसमज झाला, की तपासायला बोलावलेल्या माणसाने तपासायचं असतं. पुढे नगरला बी.एस्सी. झाली, सुप्याला एका दुधाच्या कंपनीत प्रयोगशाळेत राहिली, तिथे हा गैरसमज आणखी पक्का झाला. मग महेंद्रशी लग्न होऊन केडगावात आली आणि काकांच्या कारखान्यात लागली. "दिवाळीला कायम करू," असं काका म्हणाले होते. कुठल्या दिवाळीला, ते बोलले नव्हते. पहिली गेली. ही दुसरी.

दिवाळीच्या आधी आठवडाभर एका कंपनीची सहाशे खोकी बेसन लाडवांची मागणी आली. सकाळी बेसन भाजायला घेतलं आणि वास सुटला. रंगुबाई लाडू वळण्यात तीस वर्षं घालवलेली बाई. ती सीमाच्या कानाशी आली.

"मॅडम, तूप गेलंय बगा. माज्या म्हशीच्या गोठ्यात बी आसला वास येत न्हाई."

"मग वाल्मिकदादांना सांगितलं का?"

"त्येला काय नाक न्हाई व्हय?"

वाल्मिक म्हणजे मुख्य आचारी. त्याला नाक होतं. "लई खवट हाय मॅडम," तो कढई हलवत म्हणाला. "पन मी कसं म्हनू? नवीन डबे वरदभाऊंनी आनलेत. काकांनी व्हय म्हनलंय."

वरद म्हणजे काकांचा मुलगा, पुण्याहून एमबीए करून आलेला. तूप तपासायचं रसायन दीड महिन्यापूर्वी संपलं होतं. मागणीचा अर्ज वरदने काकांकडे दिला होता आणि काकांनी तो देवाच्या फोटोमागे ठेवला होता. महत्त्वाचे कागद ते तिथेच ठेवतात. तेव्हा उरली ती जीभ. आणि जिभेला नियम आडवा.

सीमा म्हणाली, घाणा थांबवू. वरद म्हणाला, असा एकट्याने निर्णय घ्यायचा नसतो, मीटिंग घेऊ.

मीटिंगसाठी वरदने खास गोल टेबल आणलं होतं, कारण गोल टेबलाला डोकं नसतं आणि सगळे समान होतात. काका येऊन बसले. ते ज्या बाजूला बसले ती बाजू डोकं झाली.

"ओपन डिस्कशन करू," वरद म्हणाला. "इथे प्रत्येकाच्या मताला सारखी किंमत आहे. वाल्मिक, तुझं मत?"

"काका म्हनतील तसं."

"रंगुबाई?"

"मी अडानी बाई. मोटी मानसं बसल्यात की."

"माझं मत असं," वरद म्हणाला, "की आपण आधी डेटा बघावा." डेटा फोटोमागे होता. काकांनी तिकडे बघितलंही नाही.

मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "तुम्ही ठरवा. मी आता म्हातारा झालो."

काका असं म्हणाले की काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागे कारखान्याला रंग द्यायचा होता तेव्हाही ते असंच म्हणाले होते. सगळ्यांनी मिळून निळा ठरवला. निळा दिला. मग काका नुसते रोज भिंतीकडे बघायचे. आठव्या दिवशी सगळ्यांनी मिळून पिवळा ठरवला.

अखेर वाल्मिकला तोडगा सुचला. "मॅडमनी चाखला तर? म्हंजे, तुमच्यात द्येवाचं न्हाई ना काई."

वरदचा चेहरा उजळला. रंगुबाईने पदर सारखा केला. दोन वर्षांत सीमाच्या डब्यातली भाजी या टेबलावर कुणी घेतली नव्हती. आठवड्यातले पाच दिवस सगळ्यांना उपवास असायचा आणि उरलेले दोन दिवस पोट भरलेलं. पण आज तिचं बौद्ध असणं अचानक साऱ्या कारखान्याच्या सोयीचं निघालं होतं.

"आमच्यात देवाचं नसतं, खरंय," सीमा म्हणाली. "जीभ मात्र असते, तुमच्यासारखीच. मी आता चाखणार, खवट आहे म्हणणार. उद्या तुम्हीच सांगणार, मॅडमनी उष्टा केला म्हणून घाणा गेला. तूप राहील बाजूला आणि माझंच तोंड खराब निघेल."

"तसं कुणी म्हणणार नाही हो," वरद म्हणाला.

"म्हननार," रंगुबाई म्हणाली. ती खरं बोलायची, फक्त लवकर बोलायची नाही.

सीमा काकांकडे वळली. "काका, नियमाप्रमाणे चालू. नैवेद्य दाखवा."

काकांना बरं वाटलं. ताट आलं, पाणी फिरलं, घंटी वाजली. आणि मग सीमाने ते ताट उचलून थेट गोल टेबलावर आणलं.

"प्रसाद घ्या."

आता इथली खरी परिस्थिती सांगायला हवी. काकांना आठ वर्षांपासून शुगर. प्रसाद ते कपाळाला लावून रंगुबाईला देतात. रंगुबाई तो पदरात बांधून नातवंडांना नेते. वरद गोड खात नाही, त्याचं पोट त्याच्या मोबाईलमध्ये मोजलं जातं. आचारी तर आपल्या हातचं खातच नाही. थोडक्यात, या कारखान्यातला लाडू या कारखान्यातल्या माणसाने खाल्ल्याला जमाना झाला होता.

काकांनी लाडू कपाळाला लावला आणि रंगुबाईकडे वळले.

"प्रसाद असा फिरवू नये, काका," सीमा म्हणाली. "थोडा तरी तोंडात घालावा. तुम्हीच सांगता."

काकांनी मोडून चिमूटभर घातला. बाकीच्यांना मग पूर्ण लाडू घेणं भाग पडलं. पुढची दोन मिनिटं गोल टेबलाभोवती सगळे खरोखर समान होते. थुंकायची सोय नव्हती, नावं ठेवायची नव्हती, आणि तोंडात जे होतं ते गिळल्याशिवाय जाणार नव्हतं. वाल्मिकच्या डोळ्यांत पाणी आलं. वरदने घास एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि तिथेच ठेवून दिला. रंगुबाई म्हणाली, "ग्वाड मानून घ्यावं."

काका दोन पेले पाणी प्यायले. टाळूवर जीभ फिरवली. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "हा घाणा देवाला फारच आवडलेला दिसतो. सगळा त्यालाच राहू दे."

सुटकेचा एवढा मोठा निःश्वास त्या इमारतीने कधी ऐकला नसेल. वरदने लगेच लिहिलं : 'सदर घाणा देवाने संपूर्ण स्वीकारल्यामुळे विक्रीस शिल्लक नाही. निर्णय एकमताने.' कुणी चुकलं नव्हतं. तूप चुकलं नव्हतं, तूप आणणारा तर नाहीच नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. सीमाकडे कागद आला. तिने खाली लिहिलं, 'तूप खवट. माल नाकारला,' आणि सही केली.

"मॅडम, एकमत झालंय ना," वरद म्हणाला.

"हो. मी फक्त मत लिहिलंय."

देवाने स्वीकारलेला माल दुपारी मागच्या अंगणात खड्डा करून पुरला. त्याला विसर्जन म्हणायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या दुकानातून तूप आलं, सगळे पहाटेच कामाला लागले आणि नवा घाणा झाला. दुपारपर्यंत सहाशे खोकी जायची होती. काकांनी ताट देवापुढे ठेवलं, पळी हातात घेतली, आणि पाणी न फिरवता डोळे मिटले.

"आज जरा वेळ लागेल हं मला," ते पाठमोरेच म्हणाले. "मोठं स्तोत्र आहे."

रंगुबाई वर पंख्याकडे बघायला लागली. वाल्मिकला चाळणीत काहीतरी सापडलं. वरदला फोन आला, जो वाजला नव्हता. मोठी परात सीमाच्या अगदी हाताशी होती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, की निर्णय झालाय. मीटिंग न घेता, कुणी न बोलता, खऱ्या अर्थाने एकमताने. सगळ्यांनी मिळून न बघायचं ठरवलं होतं. हात पुढे केला की काम झालं, सही झाली, नोकरीही पक्की. आणि मग निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी कुणाच्या तरी पाठीमागे चोरून लाडू खायचा.

ती हात बांधून उभी राहिली. स्तोत्र संपलं. काकांनी ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तेही संपलं. शेवटी ते वळले.

"झालं?"

"नाही. तुम्ही वळायची वाट बघत होते."

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तिने परातीतला लाडू उचलला, मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "आता दाखवा."

काकांच्या हातात पळी तशीच होती. "आणि खराब असता तर?"

"तर देवाला कसा दाखवणार होतात?"

काकांनी बराच वेळ देवाकडे बघितलं, मग सीमाकडे. देव काही बोलला नाही, त्याने बहुधा तुम्ही ठरवा म्हटलं असावं. काकांनी पाणी फिरवलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सीमाला कायम झाल्याचं पत्र मिळालं. त्यात कामांची लांबलचक यादी आहे. चाखावं असं त्यात कुठे नाही आणि चाखू नये असंही नाही. वरद म्हणतो, यावर एकदा सगळ्यांनी बसायला हवं. सीमा रोज सकाळी काकांसमोर चाखते आणि सही करते. बसायची तिला घाई नाही.