लाखेची मोहर

नलू मेश्रामनं वीस वर्षं पार्लरमध्ये काम केलं. नवरा पोलादाच्या प्लांटात, घर कुरुदला. रिसालीच्या चारुलता मॅडमनी पार्लरच्या पाटीवर ‘स्किन क्लिनिक’ लिहून घेतलं, मागच्या खोलीत सलाईनचा स्टँड आणला आणि नलूवर नवं काम सोपवलं. दोन ट्यूबांतल्या क्रीममध्ये बिनलेबलाची पांढरी पूड घोटून गोरेपणाचं मलम बनवायचं. डॉक्टर मात्र तिथं कधी दिसला नाही.

महिन्याभरात ते मलम लावणाऱ्या, नलूच्या शेजारच्या दामिनीचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. सावलीतही तिला झोंबायचं. मलम नलूच्याच हातचं होतं. एका सकाळी मलमाची डबी पिशवीत घालून ती दुर्गच्या औषध निरीक्षकांकडे गेली.

निरीक्षक संघमित्रा गजभिये तिच्या मुलीच्या वयाच्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘ही डबी चालणार नाही, ताई. नमुना मलाच तिथून घ्यावा लागेल. तुम्ही तक्रार लिहून द्या.’’

तिसऱ्या दिवशी त्या दोन साक्षीदार घेऊन पार्लरवर आल्या. आता आरडाओरडा होणार, म्हणून नलू भिंतीला टेकून उभी राहिली. तसं काहीच झालं नाही. संघमित्राबाईंनी मलमाचे तीन सारखे वाटे केले, कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधले, लाख वितळवून मोहर उठवली. ‘‘तुम्हीही सही करा,’’ असं चारुलता मॅडमना सांगून त्यातला एक वाटा त्यांच्याच हाती दिला.

नलूला राहवलं नाही. ‘‘म्याडम, ज्याईचं मलम त्याईलेच कावून देऊन राहिल्या तुमी?’’

‘‘उद्या त्यांना वाटलं, मीच यात काही मिसळलं, तर? त्यांच्याकडेही पुरावा हवा ना.’’

साहेब म्हणजे दरडावणारा माणूस, एवढंच नलूला ठाऊक होतं. ही पोर तर स्वतःवरच पहारा बसवत होती, आणि तेही किती शांतपणे.

तपासणीत मलमात पारा आणि स्टेरॉइड निघालं. मागची खोली बंद झाली, खटला उभा राहिला, नलूचं काम सुटलं. कोर्टात तिला विचारलं, मलम कोण बनवायचं?

‘‘मीच घोटत होती,’’ ती म्हणाली. तिचा आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

दामिनीचे डाग हळूहळू फिके पडताहेत. आयब्रो करायला ती नलूच्याच घरी येते.